न वाचलेली दहा पानं

"वयनी, कोणतं लेकरू मेलं?"

वैशालीनं असं इचारलं आन मी पेपरातून मान वर केली. बीएच्या शेवटच्या वर्षाचा मराठीचा पेपर. आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या एका कॉलेजातली येगळी खोली. आमी दोघी एका बेंचवर, समोर खुर्चीवर सुपरवायझर मॅडम. प्रश्न मीच वाचून दाखोला होता, 'मुलाच्या मृत्यूनंतर पार्वतेच्या स्वभावात झालेले बदल सोदाहरण स्पष्ट करा.' मार्क पंधरा. त्याले 'किंवा' नव्हतं, सोडाची सोय नव्हती.

"पुन्हा वाच," ती म्हणे.

मी पुन्हा वाचला.

"पण पोट्टं तं वाचलं ना? शेजारणीनं धरलं त्याले."

मॅडमनं टेबल वाजोला. "ओ ताई, चर्चा नको. तुम्ही प्रश्न वाचा, ती सांगते ते लिहा. बाकी एक शब्द नाही."

एक शब्द नाई. आन मले तं तिले अख्खं मरण सांगाचं होतं. काहून का पुस्तकात पोट्टं वाचलंच नव्हतं. ते मी वाचोलं होतं.

थांबा, पहिलेपासून आयका.

माहं काम रायटरचं हाय. पुस्तकं लिहाचं नाई बरं. ज्याले दिसत नाई, नाईतं हातानं लिहता येत नाई, त्याचा पेपर त्याच्या बाजूनं बसून लिहाचा. तो बोलन, आपण लिहाचं. फारमावर याले लेखनिक म्हणतात. याच्यात एक नियम लय गमतीचा हाय. रायटर हा पेपर देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पाह्यजे. म्हंजे तो आपल्या डोक्यातलं घुसाडन कुठून? मी दहावीत गणितात लटकली आन शाळा सुटली ते सुटलीच. अक्षर तेवढं साजरं. जिथं तिथं माहं कमी शिक्षण आडवं येते, आंगणवाडीच्या जागेले बी आडवं आलं. इथं कॉलेजच्या हापिसातल्या मॅडमनं फारम पाह्यला आन म्हणे, "दहावी नापास? हां, मग चालते." माह्या जिंदगीत पहिल्यांदा कोणी हे वाचून खुश झालं.

वैशाली आमच्या जऊळका गावचीच, तिच्या आन आमच्या घरात एकच भिंत. जन्मापासून दिसत नाई तिले. पण कान असे, की मी गल्लीत आली तं चपलेवरून सांगते, "वयनी, आज सासूसोबत वाजलं वाटते." रोज कॉलेजात जाणं तिले जमत नव्हतं, घरूनच शिकून राह्यली होती. पुस्तकं मी वाचाची, मोबाईलवर रेकॉर्ड कराची, ती रात्रंदिवस ऐकाची. माहा सोनू दीड वर्षाचा. दुपारी तो मांडीवर दूध पेता पेता झोपला, की मी वाचाले बसाची.

मंग ती माह्याशी वाद घालाची.

"वैशू, हे स्वभावचित्र म्हंजे काय वं?" मी एकदा इचारलं.

"तू माह्या मायजवय कोपऱ्यातल्या काकूबद्दल सांगतं ना, ती बोलते गोड, वागते कशी, मनात काय हाय? तेच. फक्त इथं पुरावा द्या लागते."

"आन आशय?"

"एवढ्या साऱ्या भानगडीतून शेवटी काय निंघालं ते."

मले लगेच समजलं. गल्लीत आमी दुसरं करतो काय!

तं ही कादंबरी लय जुनी होती, आमच्या आज्याच्या बी आधीची. त्याच्यात पार्वता नावाची गरीब बाई. पाटलाकडचं धुणं धुते, नवरा दुसऱ्याच्या वावरात, एकच लेकरू. मधात असं येते, की ती नदीवर पाटलाच्या चादरी आपटून राह्यली आन तिच्या पाठीमागं लेकरू पाण्यात जाते. ती वयून पाह्यते तवा तिथं काहीच नसते.

ते पान आलं तवा सोनू मांडीवर झोपला होता. तोंडाच्या कोपऱ्यात दूध, एक हात माह्या पोलक्यात. मी ती लाईन मनात वाचली आन तोंडातून निंघेच ना. दोनदा रेकॉर्डिंग बंद केलं. तिसऱ्यांदा चालू केलं आन म्हटलं, 'तेवढ्यात शेजारीण धावली आणि तिने मुलाला धरले.' लेखकाच्याच भाषेत, डौलात. मंग पुढची रडारडीची दहा पानं गायब केली. मंग जिथं जिथं त्या मेलेल्या लेकराचं नाव आलं तिथून उडी मारली. मले वाटलं, एवढ्या मोठ्या पुस्तकात एक पोट्टं वाचलं तं कोणाचं काय जाते?

वैशालीले ते अडलं होतं. आठ दिवसांनी म्हणे, "वयनी, ही बाई मंगापासून येड्यावानी काहून करून राह्यली? पोरगं तं धडधाकट हाय."

"जुन्या काळच्या बाया तशाच रायतात," मी म्हटलं आन सोनूची चड्डी बदलाले उठली.

आता ते सारं त्या बेंचवर माह्या आंगावर आलं. बाहेर गेटाजवय सासूबाई सोनूले घेऊन बसल्या होत्या. त्याचं रडणं खिडकीतून येऊन राह्यलं होतं आन माहं पोलकं ओलं होऊन राह्यलं होतं. मॅडमले सांगाव का? सांगतलं तं मले उठोतीन, दुसरा रायटर आता कुठून आणतीन? वैशालीच्या कानात सांगाव? तं ते कॉपी. पेपरच गेला तिचा. तीन वर्षं त्या पोट्टीनं कानानं पुस्तकं खाल्ली आन मी तिले अर्धं जेवण वाढलं.

वैशालीनं माह्या मनगटावर हात ठेवला. माही नाडी लागली असन तिच्या बोटाले. रागावली नाई, हासली नाई. जराकशानं म्हणे, "लिही."

मी पेन उचलला.

"'मुलगा गेल्यानंतर पार्वता कुठेही रडताना दिसत नाही. तिचे दुःख तिच्या कामात दिसते. पूर्वी ती जात्यावर गात असे. ते गाणे बंद होते. दोघांच्या भाकरी झाल्यावर ती एक लहान भाकरी थापते आणि तव्याजवळ उभी राहते.'"

हे सारं मीच वाचलेलं! त्याच्यात लेकराचं नाव नव्हतं म्हून मी ठेवलं होतं. वाचताना मले काहीच दिसलं नव्हतं, मले वाटलं बाई सयपाक करून राह्यली. वैशालीनं ते डोक्यात जपून ठेवलं होतं आन आता एका प्रश्नावरून तिले समजलं, ती लहानी भाकर कोणाची होती. मी तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. असं वाटलं तिचे गाल धराव आन मुका घ्याव.

दोन पानं झाली. मंग ती म्हणे, "'मुलाला तापाने नेल्यावर...'"

माहा पेन थांबला.

ताप कायचा? ताप लय आधीच्या पानात आला होता, तवा लेकरू बरं झालं होतं. तिनं अंदाज बांधला. पण तापानं गेलं तं कोणाचाच दोष नाई. पार्वता तं सारं सोतावर घेते, पाठ काहून फिरोली म्हणते, पुस्तकच त्याच्यावर उभं हाय. 'तापाने'च्या जागी मी 'पाण्यात' लिहलं असतं तं कोणाले समजलं असतं? मॅडमले नाई, वैशालीले नाई. नियम म्हणे, बोलली तेच लिही. पण मी तिले खोटं वाचून दाखोलं तवा हा नियम कुठं झोपला होता?

"काय झालं? काहून थांबल्या?" मॅडमच्या तोंडून बी वऱ्हाडी निंघालं.

"हात भरून आला, मॅडम."

"मग दोन मिनिटं चोळा. वेळ हाय तुमच्याजवळ."

वैशालीची मान माह्याकडं फिरली. पेन कागदावर चालते तो आवाज तिले ऐकू येते. थांबलेला बी ऐकू येते.

"लिहलं का 'तापाने'?"

"नाई."

"मंग रावू दे." ती बोटानं बेंच घासत बसली. मंग बोलाले लागली, हळू, जशी अंधारात भिंत चाचपत जाऊन राह्यली. "'पार्वता पाटलाकडचे धुणे सोडते. का सोडते हे कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. यातच उत्तर आहे. मूल कसे गेले यापेक्षा तिने ते स्वतःच्या माथी घेतले, हे महत्त्वाचे. तिच्यातला बदल केवळ दुःखाचा नाही. तो अपराधाचा आहे.'"

मी मान मांग घेतली, डोयाचं पाणी पेपरवर पडाले नको म्हून.

बाहेर आली तं सोनूनं अशी झडप घातली की पोलक्याचं बटन तुटलं. त्याले घेऊन झाडाखाली बसली आन वैशालीले सारं सांगतलं. आटोत ती माह्याकडं पाठ करून बसली. सासूबाई मले कोपरानं ढोसून म्हणतात, "पेपर इस्कटला काय वं?" मी सोनूले दुसऱ्या मांडीवर घेतलं.

घर आल्यावर वैशाली म्हणे, "सोनू झोपला का?"

"हो."

"मंग ते पुस्तक आन. दहा पानं वाच. एक अक्षर गाळलं तं पाहजो."

तिच्या ओसरीत बसून मी वाचली. आठव्या पानाले मले वाचवेना, तिले ऐकवेना. आमचं हुंदके देणं ऐकून तिची माय पिठाचे हात घेऊन धावत आली. "काय झालं वं पोरीहो? कोण मेलं?"

"पार्वताचं पोट्टं," वैशाली नाक पुसत म्हणे. "मेलं तं कवाचंच. या बाईनं मले आज सांगतलं."

तिच्या मायनं पिठाचाच हात कपाळाले लावला. मंग वैशालीले असं हासू आलं, की मले बी आलं.

निकाल लागला. वैशाली पास झाली आन सगळ्यात जास्त मार्क तिले त्याच पेपरात पडले. आता ती एमए करून राह्यली. रायटर मीच. माह्यावाचून तिचं भागत नाई असं नाई, पण म्हणते, "तूच पाह्यजे, तू आता भेलेली हाय, बराबर वाचशीन." त्यानंतर मी दुसऱ्याही पोरापोरींचे पेपर लिहले. एवढंच शिकली, की लेकरू मरो का राजा मरो, छापलं ते वाचाचं. रडू आलं तं रेकॉर्डिंग थांबवाचं, रडाचं, मंग तिथूनच पुढं.

पण एक गोष्ट अजून सलते. वैशाली म्हणते, "पेन थांबला तं काय, पेन का बोलते?" नियमात बी बोलाले मनाई हाय, थांबाले नाई. मॅडमनं काही पाह्यलं नाई. पण मले माहीत हाय, तवा माहा हात भरून आला नव्हता. मी जाणून थांबली का आपोआप थांबली, हे मले आजही सांगता येत नाई.

तुमी असते त्या बेंचवर, बाजूले ती पोट्टी, आन चूक तुमचीच, तं तुमी पेन चालू ठेवला असता काय?