सिस्टरची पासय

गोवा राज्य झालं त्या सुमारास माझं प्रेशर वाढलं आणि दर सोमवारी डिचोलीच्या इस्पितळात एका सिस्टरसमोर दंड पुढे करायची पाळी आली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती पट्टा करकचून आवळायची, काट्याकडे बघून च्यक करायची आणि म्हणायची, "काका, पासय मारतात काय ना?" पासय म्हणजे आपलं रमतगमत फिरणं.

मी खनिजाच्या ट्रकांचं आणि धुळीचं कारण सांगायचो.

"धुल्ल सगळ्यांक आसा!"

मी वैतागायचो, कारण हीच बाई ड्युटी सुटली की जेमतेम एका स्टॉपसाठी, मार्केटपर्यंत, बस पकडायची. एका दुपारी ती नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली. मला चेव आला.

"काय सिस्टर, आज पासय नाही?"

तिने आधी चप्पल काढली. घोट्यापासून पोटरीपर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलेलं होतं.

"सकाळच्यान वॉर्डांत चलतां, तें काम. पासय मारूंक मनीस आदीं मेकळो जाय, काका."

फिरायला माणूस आधी मोकळा हवा, म्हणे! माझा राग गेला नाही, उलट वाढला. आता तो काढायचा कुणावर? एवढ्यात मार्केट आलं. ती दांडा धरून एकेक पायरी उतरली. तिच्या मागोमाग मीही उतरलो.

पेन्शनीत निघालेला, धड पायांचा, दिवसभर मोकळा माणूस एका स्टॉपसाठी बसमध्ये काय करत होता, हे तिने विचारलं नाही. पुढच्या सोमवारीही नाही.