काल संध्याकाळीच सोडलं

आमच्या तालुक्याच्या कोर्टात गांजाच्या केसमधला पहिला सुधारलेला माणूस म्हणून माझी नोंद आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही, तिथं अजून कामं पडतात. नोंद एकदम पक्की, खुद्द मॅजिस्ट्रेट साहेबांच्या हातची. फक्त ती झाली त्या दिवशी मी काही म्हणता काही सोडलेलं नव्हतं.

वर्ष सांगून उपयोग नाही, तेव्हाची सगळी वर्षं सारखीच होती. कापसाला भाव नव्हता आणि कापसावर बोलणाऱ्यांना भाव होता. दर आठवड्याला कुणीतरी कॅमेरा घेऊन यायचं. मी दिग्रसच्या रस्त्यावर कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर. कापसाच्या गाड्याच येईनात, मशीन बंद, मग फिटरनं करायचं काय? शेडमागं बसून चिलीम ओढायची. आधीही ओढायचो, पण आता नोकरीवर गेल्यासारखा वेळेवर जाऊन ओढायला लागलो. एका शनिवारी पोलिसांनी चिलमीसकट उचललं. रविवारी संध्याकाळी जामिनावर सोडलं आणि सोमवारी कोर्टात या म्हणून सांगितलं.

घरी आलो तर दाराला कुलूप. बायको पोरीला घेऊन माहेरी गेलती, तांड्यावर. शेजारणीनं किल्ली दिली आणि निरोपही दिला. "गांजा सुटला म्हंजे न्यायले या म्हणे. त्याच्या आंधी तांड्यावर तोंड दाखवू नका म्हणे." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी कोर्टात गेलो. साहेब नवे होते, पुण्याकडचे, बोलणं लोण्यासारखं. गंजेडी माणूस तुरुंगात टाकला की आणखी बिघडून बाहेर येतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कायद्यात म्हणे एक कलम आहे. व्यसनी माणसाला शिक्षा न देता बाँडवर सोडायचं, दवाखान्यात पाठवायचं, वर्षभर तारखेला बोलवायचं. पुन्हा सापडला तर मात्र आत. आम्हा चौघांवर हा प्रयोग सुरू झाला. त्याला वकिलांनी लगेच नाव ठेवलं, चिलीम कोर्ट.

माझा पुकारा झाला. गुन्हा कबूल केला. साहेब खाली वाकून म्हणाले, "सोडलं का?"

मला वाटलं, कोठडीतून सोडलं का, असं विचारतात. म्हटलं, "हो साहेब. काल संध्याकाळीच सोडलं."

साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा. पूर्णपणे?"

"पूर्ण कुठं साहेब. तारखा हायेत म्हणते अजून."

साहेब कारकुनाला म्हणाले, "प्रामाणिक माणूस आहे." आणि लिहून घेतलं. मी बाहेर आलो तेव्हा वकिलाला हसू आवरेना. त्यानं अर्थ फोडून सांगितला आणि वर म्हणाला, "आता गप राह्य. फुकटात सुधारला तू." मी गप राहिलो. गप राहायला काय लागतं?

मग दर दुसऱ्या सोमवारी तारीख. उपचार म्हणजे काय, तर दवाखान्यात एक बाई फुप्फुसाचं चित्र दाखवायच्या. बीटचा हवालदार चिठ्ठी द्यायचा की इसम पुन्हा सापडला नाही. जो सापडला नाही तो सुधारला, असा सरळ हिशोब. आमच्यातला एक जण कामासाठी झरी जामणीवरून पलीकडं आंध्रात गेला. तिकडं ओढलेला गांजा आपल्या कागदात येत नाही, म्हणून तो सुधारला. दुसरा हवालदाराच्याच भावकीतला निघाला, तो तर फार लवकर सुधारला. तिसरा दारूवर गेला. दारूचं कलम वेगळं, म्हणून गांजाच्या खात्यात त्याचंही कल्याण झालं. असा आमचा प्रयोग जोरात चालला होता.

पण एक भानगड होती. साहेब चष्मा काढून डोळ्यात बघायचे. म्हणून मी शुक्रवारपासूनच चिलीम बंद ठेवायचो, डोळे साफ दिसावेत म्हणून. मग ते विचारत बसायचे, जिनिंगचा रोलर कशाचा असतो, त्याचं चामडं कधी बदलतात, हात आत जाऊ नये म्हणून काय करता. बाप्पा, इतकं तर मालकानं कधी विचारलं नव्हतं. पुढच्या तारखेला मागचं सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. मला त्या माणसाचा राग यायचा. त्याला फसवताना लाज वाटायची आणि ती लाज घरी सोबत यायची. शुक्रवारचं मग बुधवारवर आलं. एकदा तारीख होऊन गेली तरी मी शेडमागं गेलोच नाही. का ते मला सांगता येत नाही. दवाखान्यातल्या चित्रामुळं तर नक्कीच नाही.

चार महिन्यांनी नागपूरहून मोठे साहेब प्रयोग बघायला आले. नमुना म्हणून उभा केला मला. घरच्यांचं म्हणणं हवं म्हणून बायकोलाही बोलावलं होतं. ती पोरीला घेऊन मागच्या बाकावर बसली. माझ्याकडं बघत होती, पण ओळख देत नव्हती.

आमचे साहेब कौतुकानं म्हणाले, "सांगा यांना, कधी सोडलं?"

उत्तर कागदावर तयार होतं, नुसतं वाचायचं काम. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मले पोलिसांनी सोडलं होतं. मले वाटलं तुमी तेच विचारून राह्यले. गांजा म्या नव्हता सोडला. त्याले आज बावीस दिवस झाले."

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. वकिलानं कपाळावर हात मारला. मला वाटलं, गेलो आता सहा महिने. आमच्या साहेबांनी माझा पहिल्या तारखेचा कागद काढून वाचला. मग म्हणाले, "बावीस दिवस. ठीक आहे, वर्ष आजपासून धरू." आणि त्या दिवसाची तारीख कागदावर घातली.

मोठ्या साहेबांच्या अहवालात म्हणे आंध्रातला, भावकीतला आणि दारूतला, तिघंही यशस्वी होते. अपयशी एकटा मी.

बाहेर बायको म्हणाली, "ऐकलं म्या." आणि तांड्याच्या गाडीत बसली. मी तिथंच उभा राहिलो. पण पुढच्या तारखेला ती मागच्या बाकावर होती. त्याच्या पुढच्याही. बोलायची नाही, बसायची आणि जायची. मी मात्र आता साहेबांसाठी तारखेला जात नव्हतो.

वर्ष भरायच्या आधी साहेबांची बदली झाली. शेवटच्या तारखेला खुर्चीवर दुसरेच होते. त्यांनी मान वर न करता सही केली, कागद सरकवला, पुढचा पुकारा झाला. मी आपला उभाच. सवयीनं प्रश्नाची वाट बघत होतो. कुणी विचारीना, तेव्हा मीच म्हणालो, "सोडलं साहेब."

पुकारा करणारा शिपाई वैतागला. "अरे बाबा, तुले कवाचंच सोडलं. काहून उभा हायेस?"

मागं वळलो. बायको बाकावरून उठली होती, पोरीचा हात धरून.

"चला," ती म्हणाली. "दिग्रसची गाडी लागली असन."