काठाच्या पायऱ्या

पंचायतीत आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव झाली, तेव्हा माझं नाव पुढं आलं ते मी कुणाच्या अध्यात नाही ना मध्यात, एवढ्यावरच. बैठकीला जायचे, भिंतीशी बसायचे, सही करून घरी यायचे.

मी बोलायचे ती फक्त नदीवर. धुण्याची बादली खाली ठेवली की माझं तोंड उघडायचं, ते शेवटचा पिळा पडेपर्यंत. सासूबाईंची नक्कलसुद्धा मी तिथंच करायचे. घरी कुणाला खरं वाटलं नसतं.

धुण्याची ती जागा गावाची होती, पसरट आणि मोकळी. पण वाळू उपसून नदी खोल गेली आणि दर पुरात काठ ढासळू लागला. आमचा धुण्याचा मोठा दगड पार पाण्यात जाऊन बसला. सरपंचांनी काठाला दगडी भिंत मंजूर करून आणली, तर पल्याडचं गाव अडून बसलं. भिंत एकाच बाजूला झाली तर पाण्याचा मार त्यांच्या काठाला बसणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन पावसाळे नुसती बोलणी चालली.

शेवटी त्यांच्या गावच्या शाळेत दोन्ही पंचायतींची एकत्र बैठक बसली. इंजिनिअर साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. भिंत दोन्ही काठांना, उंची सारखी. काम आधी त्यांच्याकडं, दगड आमच्या गायरानातला. एवढं ठरायला दुपार झाली. मग चहा आला आणि सगळे मोकळे हसायला लागले.

मी नकाशा बघत होते. भिंतीची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, मधे कुठं फट नाही. उंची पुरुषभर. मग बाई खाली उतरणार कुठून? नदीच बंद झाली तर मी कुठं बोलणार, हेही मनात आलं. पण ते काय सांगायचं!

रजिस्टर माझ्यापुढं आलं. मी पेन हातात धरून तशीच बसले. सगळे थांबले. पल्याडचे ग्रामसेवक मला ओळखत नव्हते. ते उठले आणि शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवून हळूच म्हणाले, "मावशी, अंगठा द्या. लाजायचं काय त्यात?"

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली.

"सही येती मला. चौथी पास हाय मी," मी म्हणाले. आवाज नदीवरचा निघाला. "पण करनार नाय. बाया खाली उतरनार कुठनं, ते आधी सांगा."

त्यांचे सरपंच म्हणाले, "आता नदीवर कोन जातंय बाई? आमच्याकडं नळ आलाय."

"नळ आलाय व्हय? मंग काल तुमच्याकडच्या बाया नदीवर काय पोहायला आल्या व्हत्या? तुमच्या कारभारनीनं तर दोन गोधड्या धुतल्या."

त्यांचाच एक म्हातारा सदस्य मांडीवर थाप मारून हसला. "आता बोला, सरपंच!"

इंजिनिअर साहेब म्हणाले, "काकू, पायऱ्या घेता येतील. कुठे हव्यात, दाखवा."

नकाशात मला काही कळेना. मी म्हणाले, "आमच्या काठाचा लिंब कुठं हाय ते सांगा." त्यांनी बोट ठेवलं. "मंग त्याच्या खालच्या अंगाला." त्यांनी पेन्सिलीनं आडव्या रेघा मारल्या.

"मग आमच्या बी काठाला पायजेत," त्यांचे सरपंच म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

मी सही केली. माझं पूर्ण नाव, रफारसुद्धा जागच्या जागी.

जीपमध्ये आमचे सरपंच म्हणाले, "वहिनी, एवढं बोलता येतं, तर इतके दिवस गप का?" मी पदर पुढं ओढून बाहेर बघत बसले.

पायऱ्या जरा उंचच झाल्या. म्हाताऱ्या बाया उतरताना पायऱ्यांबरोबर मलाही दोन शिव्या घालतात. आता सुनेनं मशीन घेतलंय. तरी मी दोन लुगडी बाजूला काढते आणि सकाळी जाऊन खालच्या पायरीवर बसते. पल्याडच्या पायऱ्यांवरून सरपंचांची कारभारीण ओरडते, "आलीस का गं, चौथी पास?"

"आले, आले," मी इकडून ओरडते, आणि मग आमचं सुरू होतं.