पांढऱ्या पडद्यावरचे ठिपके

मी घासाघीस करणारी बाई आहे. कोथिंबिरीची जुडी पिशवीत फुकट पडल्याशिवाय भाजीवालीसमोरून हलत नाही, आणि रिक्षावाल्याने चाळीस म्हटले की माझ्या तोंडून आपोआप तीस निघतं. घरचे हसतात. मला स्वतःला तर त्याचं कौतुकच वाटत आलंय. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यालाही मी बरेच दिवस घासाघीसच म्हणत होते.

जळगावच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरते. त्या वर्षी रावेरच्या बाजूला केळीच्या बागांचे फोटो काढायला गेले होते. येताना खडीवर स्कूटर घसरली. मला गुडघ्यावर खरचटलं, लेन्स पिशवीत कपड्यांत गुंडाळलेली होती म्हणून वाचली, पण कॅमेऱ्याची बॉडी पार कामातून गेली. दुरुस्तीवाल्याने ती उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केली. नवी घ्यायची तर ऐपत नव्हती. त्याच महिन्यात घरातला फ्रीज बंद पडला होता, आणि फोनमध्ये किती छान कॅमेरा असतो हे नवऱ्याने मला तीनदा सांगून झालं होतं. शेवटी ठरलं की वीस हजारांत जुनी बॉडी मिळाली तर घ्यायची.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. जुना कॅमेरा कसा पारखावा याचे व्हिडिओ पाहिले. शटर किती वेळा उडालंय ते कुठे वाचायचं, रबर सुटलंय का, लेन्स बसते ती कडी ढिली आहे का, सगळं वहीत लिहून काढलं. त्यातच सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा भाग, तपासायची युक्ती होती. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, अगदी बारीक करायचं, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि तो मोठा करून पाहायचा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. आणि त्याच्याच खाली मी लिहिलं होतं, स्वतःच्या अक्षरात: घाबरू नये, रबरी फुग्याने हवा मारली की जाते.

हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर धुळ्याची जाहिरात दिसली. मला हवी होती तीच बॉडी, सव्वीस हजार. डिसेंबरातल्या एका रविवारी एसटीने निघाले. धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात, तशाच एका गल्लीत खाली स्टुडिओ आणि वर घर असं ते ठिकाण होतं. जाहिरात देणारे, सत्तरीला टेकलेले आबा दाराशीच उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला चष्मा, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याने एका बाजूला झुकलेला खांदा. पंचेचाळीस वर्षं लग्नं काढली, म्हणाले. फोटो काढले असं नाही, लग्नं काढली.

मी लगेच कॅमेरा पाहायला मागितला. आबा माझ्याशी आधी फोनवरच्यासारखं शुद्ध बोलत होते, पण आता हसून आपल्या अहिराणीत आले. "पहिले जेवी ले माय. कॅमेरा काय पयी जास का?"

वर अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भरीत केलं होतं. पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा, पातीचा कांदा, वर कच्चं तेल आणि ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी. मला आग्रह आवडत नाही, पण त्या दिवशी मी तीनदा वाढून घेतलं. जेवताना आबांनी सांगितलं की ते ही बॉडी विकायला का काढताहेत. येत्या वैशाखात नातीचं लग्न होतं. एकुलती एक नात. तिचं लग्न त्यांना स्वतः काढायचं होतं, आणि खांद्याला झेपेल असा हलका, नवा कॅमेरा घेऊन काढायचं होतं. त्यानंतर हात जोडायचे, रिटायर. अक्का म्हणाल्या, घरात दुसरा विषयच नाही, रोज उठून हे मला त्या मांडवात उभं करतात.

हे सगळं ऐकून, त्यांचं अन्न पोटात घेऊन मी खाली आले.

कॅमेरा उत्तम होता. शटर जेमतेम चाळीस हजार वेळा उडालेलं, म्हणजे अजून बरंच आयुष्य बाकी. अंगावर ओरखडा नाही. रोज रात्री मऊ फडक्याने पुसून ठेवलेली वस्तू लगेच ओळखू येते. मला कुठे बोट ठेवायला जागाच सापडेना आणि मी मनातून चिडले, कारण सव्वीसचे वीस करायचे तर काहीतरी खोट हवी. मग पासपोर्ट फोटोंसाठी लावलेला पांढरा पडदा दिसला. माझी लेन्स चढवली, ॲपर्चर बारीक केलं, पडद्याचा फोटो काढला आणि मोठा करून त्यांच्यासमोर धरला. वरच्या कोपऱ्यात पाच-सहा करडे ठिपके होते.

आबांनी चष्मा लावला. "हाई काय शे?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य रोलवर गेलं. रोलमध्ये दर फोटोला नवी फिल्म पुढे येते, धूळ बसली तरी एका फोटोपुरती. डिजिटल त्यांनी उतारवयात घेतला, तोही दुकानदाराने एकदा जुळवून दिला तसाच वापरला. मांडवात अक्षता उडताहेत, हळद उडतेय आणि हे लेन्स बदलताहेत, धूळ जाणार नाही तर काय. आणि लग्नाच्या फोटोंत ॲपर्चर मोठं असतं, मागे माणसं, फुलं, झालरी असतात. तिथे हे ठिपके उमटतच नाहीत. हेही मला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "सेन्सर जायला लागलाय आबा. हे डाग वाढत जातात."

एवढंच. दोन वाक्यं. बाईने वांगं दाबून पाहावं आणि किडकं आहे म्हणावं तितक्या सहज मी ती बोलले.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. धुळ्याचा माणूस, पंचेचाळीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेली, एवढ्यावर ऐकतो होय! पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता, आजवरच्या सगळ्या फोटोंचा होता. "मंग मना बठ्ठा फोटोस्मा हाई व्हई?"

त्या क्षणी मला नाही म्हणता आलं असतं. नाही आबा, तुमचे फोटो स्वच्छ आहेत, एवढं म्हणून किमतीवर भांडता आलं असतं. पण ठिपके मान्य करून घ्यायचे आणि फोटो स्वच्छ म्हणायचं, यात माझी बाजू लंगडी पडली असती. मी म्हणाले, "असतील की."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते विकायलाच तयार होईनात. खराब वस्तू मी कशी इकू, म्हणाले. आता मीच त्यांना समजवायला लागले. मला शिकण्यापुरताच हवाय, मी चालवून घेईन, चित्रकलेच्या बाईला काय. चौदा हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांतून मी पुढच्या आठवड्यात एक झकास बॅग घेतली.

घरी येऊन फुग्याने चार फुंका मारल्या. भिंतीचा फोटो काढला. एकही ठिपका नव्हता. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं, आणि कसं जमवलं ते रंगवून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "त्यांना फोन करून सांगून टाक." मला राग आला. सौदा सौदा असतो, म्हणाले. फोन केला नाही.

त्या कॅमेऱ्याने मी दीड वर्ष फार सुंदर फोटो काढले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या शाळेतल्या एका बाईंकडचं लग्न सोनगीरला होतं. गळ्यात तोच कॅमेरा अडकवून मी मांडवात शिरले आणि तिसऱ्या रांगेत आबा दिसले. पाहुण्यांसारखे बसलेले, हातात सरबताचा ग्लास. पळून जावंसं वाटलं, पण त्यांनी मला आधी पाहिलं होतं. उठून आले, हाताला धरून आपल्या माणसांकडे घेऊन गेले आणि सगळ्यांना सांगायला लागले, "ह्या ताईनी माले खरं सांगं. नहीतर माले कधी समजतंच नही."

लोक माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. एका म्हातारीने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डाग वाढनात का?" आबांनी हळूच विचारलं, आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

"थोडे," मी म्हणाले. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी निदान स्वस्तात कॅमेरा मिळत होता, या वेळी काहीच मिळत नव्हतं. फक्त तोंड वाचवायचं होतं.

विषय बदलायला म्हणून मी नातीचं लग्न कसं झालं ते विचारलं. झाक झालं, म्हणाले. मग ग्लासाकडे पाहत म्हणाले, "दुसरा फोटोग्राफर लावा मी. डोयावर भरोसा नही आते." दोन वर्षं त्या कॅमेऱ्याने लग्नं काढली आणि एकाही फोटोत त्यांना डाग दिसला नव्हता. असतील की, असं जाणकार बाई सांगून गेली होती. म्हणजे डाग होते आणि ते आपल्याला दिसत नाहीत, असा त्यांनी सरळ हिशेब केला. डॉक्टरने डोळे ठीक आहेत सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. नवा कॅमेरा घेतलाच नाही. नातीच्या मांडवात ते असेच तिसऱ्या रांगेत बसले होते.

त्या लग्नात मी पुढे एकही फोटो काढला नाही. बॅटरी उतरली म्हणून सांगितलं. तिसरं खोटं, पण ते किरकोळ.

नंतरचे तीन आठवडे मी स्वतःशीच स्वतःची वकिली केली. त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारायला हवं होतं. वयच झालं होतं, कधीतरी सोडायचंच होतं. आता सांगून नातीचं लग्न परत थोडंच होणार आहे. सगळे मुद्दे बरोबर होते आणि एकाही मुद्द्याने झोप येत नव्हती. शेवटी एका रविवारी कॅमेरा आणि फुगा पिशवीत टाकला आणि धुळ्याची एसटी धरली. या वेळी जेवायच्या आधी सांगायचं, असं पारोळ्यापासून घोकत गेले.

अक्कांनी पाहताच शेवभाजीची तयारी केली. मी वर गेलेच नाही. स्टुडिओत उभ्याउभ्याच आबांना म्हणाले, "मी खोटं बोलले होते. सेन्सरला काही झालेलं नाही. धूळ होती. घरी जाऊन फुंकरीने काढली."

त्यांना नीट कळलं नसावं. मी कॅमेरा हातात दिला. त्यांनी पांढऱ्या पडद्याचा फोटो काढला, चष्मा लावून मोठा केला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिला. काही नव्हतं. ॲपर्चर बारीक केलं तरच ती धूळ दिसते, तुमच्या लग्नाच्या फोटोंत ती कधीच नव्हती, हेही मी सांगितलं. त्यावर ते कपाटाकडे गेले, जुने नमुन्याचे अल्बम काढले, भिंग घेऊन बसले. एक अल्बम, दुसरा, तिसरा. मी उभीच होते.

मग मान वर करून विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"हो."

मी शिव्यांची वाट पाहत होते. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. उरलेले बारा हजार मी पाकिटात घालून आणले होते, ते पुढे केले, तर त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. ते जिन्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "अवं, मना डोया चांगला शे! मना डोया चांगला शे!"

अक्का पिठाचे हात घेऊन खाली आल्या. आबांनी त्यांना खांद्याला धरून पडद्यासमोर नेलं, घाईघाईने बोलत, हसत. "उभी ऱ्हाय, आठेच उभी ऱ्हाय." मागे सरकले, कॅमेरा डोळ्याला लावला, झुकलेला खांदा सवयीने वर आला. किती छान धरतात हे कॅमेरा, असं मला वाटून गेलं.

अक्कांनी पदर सारखा केला नाही, की लेन्सकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. टेबलावरचं पाकीट, फुगा, उघडे अल्बम, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली आणि पुन्हा माझ्यावर आली. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, अगदी साध्या आवाजात:

"मंग नातना लगीनना फोटो?"

आबांचं हसू कॅमेऱ्याखाली तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. कॅमेरा त्यांनी डोळ्यावरून काढला नाही. बोट शटरवर होतं. अक्का उभ्या होत्या, मी उभी होते, वर गॅसवर शेवभाजी करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी हललं नाही. मी शटरच्या आवाजाची वाट पाहत राहिले. तो आला नाही.