सिंधुमामीचा गुडघा

केळीचा घड आधी खांद्यावर टेकू द्यायचा, मग दांडा कापायचा. मी आधी कापला. घड एकीकडे पडला आणि कोयता धुडकूमामांच्या मांडीत गेला, जांघेच्या जरा खाली.

रक्त वाहत नव्हतं, उडत होतं. आमच्या ब्राह्मणपुरी गावात बोट कापलं की केळीच्या खोडाचा चीक लावतात. पदवीधर असूनही मला तेवढंच आठवलं. चीक ओतायचा, फडकं ठेवायचं, थांबलं का म्हणून फडकं उचलायचं. दर वेळी नवी धार.

सिंधुमामी, मामांची बायको, बांधावर तुरटीच्या पाण्यात केळीच्या फण्या धूत होती. ती अंगाने भक्कम. ठिबकचा पाईप फुटला की तिने त्यावर गुडघा द्यायचा आणि मामांनी सावकाश विडी विझवून कॉक बंद करायला जायचं, असा त्यांचा संसार.

"काय देखी ऱ्हायना? सरक."

तिने डोक्यावरचा रुमाल जखमेत कोंबला आणि वर गुडघा रोवला. केळी न्यायला आलेल्या जावेदच्या पिकअपमध्ये त्याने नि मी त्या दोघांना तसंच, एकावर एक, उचलून ठेवलं.

"लगीनपासून मन्हावरच बसेल शे तू," मामा पुटपुटले. ओठ पांढरे पडले होते.

रस्त्यावर उसाच्या गाड्यांनी पाडलेले खड्डे. गाडी पळाली की गुडघा हलायचा आणि रुमालाखालून रक्त यायचं. हळू घेतली तर शहाद्याचा दवाखाना येईना.

"मामी, भगाऊं के धीरे लूं?" जावेद ओरडला.

मामी आधी मला म्हणाली, "मन्हा खांदा दाब. जोरमा." आणि जावेदला, "पळाव."

मी सगळा भार देत तिच्या पाठीवर ओणवा झालो. खाली मामा कण्हले, "मन्हा पाय मोडी जाई, सिंधू."

"मोडू दे. तू बोलत ऱ्हाय."

पुढे ते बोलले नाहीत. तीच बोलत राहिली: बैल, सासू, जावई, सगळ्यांना शिव्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेत हात घालून "मी धरलंय, उठा आता" म्हटलं, तरी ती उठेना. शेवटी दोघी नर्सनी तिला उचललं. गुडघा वाकलेलाच राहिला होता.

शीर शिवली. मामा अजून आयसीयूत आहेत, पाय राहील का ते डॉक्टर सांगत नाहीत. रक्तपेढीने बदली रक्तदाते आणायच्या बोलीवर दोन पिशव्या दिल्या. एक जावेदने फेडली. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, परत पाठवलं. मामी रोज लंगडत डबा आणते, आधी मला पालकाची भाजी वाढते आणि मी संपवेपर्यंत समोरून हलत नाही.

दुसरी पिशवी अजून माझ्याकडे बाकी आहे.