वरची मूठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा नीट शब्दांत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जो ओळखत नाही त्याच्यापुढं मला बढाई मारावी लागत नाही.

तेलापासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

सोलापुरात आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर एक मोठं स्वस्त मार्ट आहे. नाव घेत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. महिन्याचा किराणा मी तिथूनच भरते. सणाच्या तोंडावर तिथं तेलाचा मोठा डबा बराच स्वस्त मिळतो, पण अट असते — एका बिलावर एकच. मग लोक काय करतात? घरातली चार माणसं चार ट्रॉल्या घेऊन चार रांगांत उभी राहतात आणि एकमेकांची ओळख नसल्यासारखी छताकडं बघतात. एकदा एका बाईनं स्वतःच्या नवऱ्याला ‘भाऊ, जरा सरकता का’ म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. काउंटरवरच्या पोरींनाही सगळं माहीत असतं. याला तिथं कुणी खोटं म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझी आई आली होती. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवरून, सकाळच्या एसटीनं, एकटीच. डोळे दाखवायचे होते तिला. डाव्या डोळ्यापुढं धूर आल्यासारखं दिसतं म्हणत होती. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवसाची होती. नवरा कामानिमित्त पुण्याला, मुलगी तिथंच हॉस्टेलवर. घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, चल, मार्टला जाऊन येऊ. तेवढाच एक डबा जास्तीचा येईल.

बघा — आईला फिरवायला म्हणून नाही नेलं. डब्यासाठी नेलं. हेही आधी सांगून टाकते.

रिक्षात मी तिला सगळं शिकवलं. आत गेलं की तू वेगळी, मी वेगळी. माझ्याशी बोलायचं नाही. मी ज्या रांगेत असेन तिच्या शेजारच्या रांगेत उभं राहायचं. कुणी विचारलं तर एकटी आलेय म्हणायचं. पैसे तिच्या हातात दिले, ते तिनं कमरेच्या चंचीत, पानसुपारीशेजारी ठेवले. तिला या खेळाची गंमत वाटली. पदर तोंडाला लावून हसली. “म्हंजी लपाछपीच की,” म्हणाली.

आता थोडं माझ्याबद्दल. टाळत होते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे नोकरदार, व्यापारी. तिथं राहायला आल्यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या शैलाताईंनी विचारलं, माहेर कुठलं? सांगोला म्हटलं. त्या लगेच म्हणाल्या, अरे वा, मग डाळिंबाच्या बागा असतील. मी नाही म्हटलं नाही. एवढंच. नुसतं हसले. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण पुढं ती मूठ मी झाकूनही ठेवली नाही. आई दर हंगामाला पिशवीभर डाळिंबं पाठवायची, ती मी मजल्यामजल्यावर वाटायची — ‘आमच्या बागेतली’ म्हणून. आमची बाग! आई दुसऱ्याच्या बागेत रोजानं तोडणीला जायची. मालकानं बाजूला काढलेली, जरा चिरलेली फळं मागून आणायची आणि त्यातली चांगली निवडून मला पाठवायची. बाकीच्या दिवसांत शेरडं राखायची. माझं शिक्षण त्या शेरडांवर झालंय. हे मी पतसंस्थेत नाही, अपार्टमेंटमध्ये नाही, कुठंच सांगितलं नव्हतं.

तर मार्ट.

आत गर्दी अशी की ट्रॉलीला ट्रॉली घासत होती. आई माझ्या मागं चार पावलं राखून चालत होती, अगदी शिकवल्याप्रमाणं. सुट्या मालाच्या विभागात मात्र तिचा पाय अडला. शेंगदाणे बघितले तिनं. मला तिच्या हातची, उखळात कुटलेली शेंगाचटणी लागते — अजूनही लागते — आणि शेंगदाणे ती स्वतः पारखल्याशिवाय घेत नाही. तिनं ते निवडून पिशवीत भरले, वजन करणाऱ्या मुलीकडून वजन करून घेतलं, मुलीनं पिशवीला गाठ मारून किमतीची चिठ्ठी चिकटवली. झालं. पण आई हलेना. तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. ती सरळ माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “सुमे, आगं, वरची मूठ कोन घालतं हितं?”

आठवडी बाजारात माप झालं की दुकानदार वर एक मूठ घालतो. विसरला तर गिऱ्हाईक स्वतः उचलतं आणि तो काही म्हणत नाही. त्याला कुणी भीक म्हणत नाही की चोरी म्हणत नाही. वरच्या मुठीशिवाय सौदा पुरा होत नाही. आईचा सगळा जन्म त्या बाजारात गेलेला. तिनं विचारलं ते बरोबरच विचारलं.

मी उत्तर दिलं असतं तर? ‘आई, इथं तसं नसतं’ — एवढंच बोलायचं होतं. पण तेवढ्यात डाळींच्या पलीकडं मला शैलाताई दिसल्या. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मी ओठ न हलवता म्हटलं, “माझ्याशी बोलू नकोस.” आणि ट्रॉली पुढं ढकलली.

रांगेत उभी राहिले तर शैलाताई नेमक्या माझ्या मागं. गप्पा सुरू. शेजारच्या रांगेत, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, आई. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्यात शेंगदाण्यांची पिशवी. आणि तिच्या पदराला एक गाठ. फुगलेली. मला ती दिसली. तुम्हाला खरं सांगते — मला ती गाठ दिसली आणि त्यात काय आहे हे मला लगेच कळलं. अजून वेळ होता. तिच्या पुढं दोन गिऱ्हाइकं होती. आणि मी शैलाताईंना चकलीची भाजणी कशी करायची ते सांगत होते.

गाठ गार्डबाईला दिसली.

“आजी, पदरात काय आहे?”

“वरची मूठ हाय की,” आई म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे हेच तिच्या मनात नव्हतं. उलट गाठ सोडून दाखवायला लागली. आजूबाजूचे हसले. एका तरुणानं मोबाइल वर धरला. गार्डबाईनं त्यांच्या साहेबाला बोलावलं. तो आला, पंचविशीचा असेल, आणि म्हणाला, वजन झाल्यावर माल घेणं म्हणजे चोरी, आजी. चोरी हा शब्द ऐकल्यावर आईचा चेहरा उतरला. तेव्हा कुठं तिला समजलं.

“बरोबर कोण आहे तुमच्या? घरचं कोण आहे?”

आईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. वाचव म्हणून नव्हे — मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलंय, ते तसं बघणं नव्हतं. सांगू का, असं विचारत होती. परवानगी मागत होती.

शैलाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, “ओळखीची आहे का हो? मघाशी तुमच्याशी बोलत होती.”

मी म्हणाले, “छे. तूरडाळ कुठं आहे विचारत होती.”

हलक्या आवाजात नाही म्हणाले. स्पष्ट म्हणाले, आईला ऐकू जाईल असं. तूरडाळ कुठून सुचली मला? इतकं चटकन, इतकं बिनचूक?

आई साहेबाकडं वळली आणि म्हणाली, “कुनी न्हाय. मी एकलीच आलिया.”

तुम्ही म्हणाल, तेलाच्या ऑफरपायी बोललीस, घाबरलीस. मीसुद्धा कैक वर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण डबा गेला असता तर गेला असता, कोण रडणार होतं? मला भीती वाटली ती त्या नऊवारीची, त्या चंचीची, त्या ‘हाय-न्हाय’ची. आमच्या बागेची मालकीण तिथं पदर सोडून उभी होती, आणि ती माझी आई आहे हे शैलाताईंना कळू नये एवढंच मला हवं होतं.

त्यांनी तिला मूठ काउंटरवर ओतायला लावली. गार्डबाईनं ते दाणे हातानं लोटून कचऱ्याच्या डब्यात टाकले; सांडलेला एक दाणाही वेचून घेणारी माझी आई ते बघत राहिली. मग चंची सोडायला लावली. सुपारी, तंबाखूची पुडी, एसटीच्या सवलतीचं कार्ड, मी दिलेले पैसे. सगळं उघड्यावर. तिनं नातवाच्या वयाच्या त्या साहेबापुढं हात जोडले. त्यांनी तिला दाराजवळच्या स्टुलावर बसवून ठेवलं.

माझं बिल झालं. दाराशी बिलावर शिक्का मारून घेतला. स्टुलाला माझ्या ट्रॉलीचा धक्का लागला. मी खाली बघितलं नाही.

शैलाताई त्यांच्या स्कूटीवरून गेल्या, मी हात हलवला. मग रस्त्यापलीकडं एका झाडाच्या आडोशाला थांबून राहिले. बऱ्याच वेळानं आई बाहेर आली. सोडलं होतं तिला, समज देऊन. रस्ता ओलांडून माझ्यापाशी आली, तर काखेत तेलाचा डबा, हातात शेंगदाण्यांची पिशवी.

“तुजं तेल आनलंय बग,” म्हणाली.

त्या सगळ्यातही तिनं बिल करून घेतलं होतं.

आणि मी काय म्हणाले असेन? ‘आई, चुकलं माझं’? नाही. रिक्षात बसल्यावर मी तिला झापलं. “मूठ कशाला घेतलीस? अक्कल नाही का?” ती म्हणाली, “चुकलं.” माफीसुद्धा तिनंच मागितली.

इथं संपलं असतं तर मी हे कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं, थोडं हसत, थोडं रडत. मार्टातली गंमत म्हणून. पण इथं संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात खाली बसून चटणी कुटत होती. दार उघडंच होतं. शैलाताई विरजण मागायला आल्या ते थेट आतपर्यंत. आईला बघून थबकल्या.

“अहो, ही तर कालची —”

मी वाटी हातात घेऊन उभी. आता बोलावंच लागणार होतं. आता दुसरं काही शिल्लकच नव्हतं. मला आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं, खरंच. तोंड उघडलं मी.

आई उठून उभी राहिली. भिंतीला लागून, जरा बाजूला, जशा कामाच्या बायका उभ्या राहतात. माझ्याकडं न बघता म्हणाली, “आजपास्नं कामाला लागलिया म्या हितं. बाईंनी ठिवलंय.”

बाई म्हणाली ती. मला.

शैलाताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तुम्ही भोळ्या आहात. असल्यांच्या हाताला सवय असते. जरा लक्ष ठेवा.”

मी म्हणाले, “हो. ठेवते लक्ष.”

हाच तो कबुलीजबाब. मार्टातला नव्हे, हा. तिथं गर्दी होती, घाई होती, मोबाइल होता. इथं काहीही नव्हतं. माझं घर होतं, माझ्या आवडीची चटणी अर्धी कुटलेली होती, आणि माझ्या आईला चोर म्हणणाऱ्या बाईला मी वाटीभर विरजण दिलं.

दुपारच्या एसटीनं आई गेली. शेरडांना बघणारं कुणी नाही म्हणाली. डोळे दाखवायचे राहिले. मी एकदाही थांब म्हटलं नाही. कामवाली रात्री मुक्कामाला कशी राहील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. चटणी तिनं पुरी करून बरणीत भरून ठेवली होती. ती मी संपेपर्यंत खाल्ली. डाव्या डोळ्यानं तिला आता दिसत नाही.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही, मलाही कधी बोलून दाखवलं नाही. त्यानंतर ती सोलापूरला आलेली नाही. दर रविवारी फोन करते. पाऊस, शेरडं, माझी कंबर, नातीची नोकरी — सगळं विचारते. मधेच माझ्याकडून काही आवाज ऐकू आला की थांबते आणि आवाज बारीक करून म्हणते, “कुनी आलंय व्हय गं? ठिवू का मग?”

परवाच्या रविवारी तिनं असंच विचारलं. घरात कुणी नव्हतं. टीव्ही चालू होता.

मी म्हणाले, “हो, ठेव.”