पिना, लांबच्या रस्त्यानं

जिल्वानच्या टॅक्सीत पुढं बसलं की गुडघे थेट समोरच्या खणाला टेकतात. आमच्या रेसिफीत, ब्राझीलच्या या बंदरगावात, एकटा माणूस टॅक्सीत मागं बसत नाही. मागं बसला तर ड्रायव्हरला वाटतं, हा आपल्यावर रागावलाय की काय. त्यामुळं दिवसभरात कुणी ना कुणी उंच माणूस त्या सीटवर घडी होऊन बसतो आणि तक्रार करतो.

"काका, सीट मागं सरकत नाही का ही?"

"नाही. अडकलीय."

साफ खोटं. सीट लोण्यासारखी सरकते. एकदा मीच सरकवून पाहिली होती. तेव्हा त्यानं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी गुपचूप ती होती तिथं आणून ठेवली.

मी झेफा. काझा अमारेला वस्तीच्या मंडईच्या दारात, बदामाच्या झाडाखाली माझी टॅपिओकाची, म्हणजे साबुदाण्यासारख्या पिठाच्या धिरड्यांची, गाडी आहे. त्याच सावलीत टॅक्सीस्टँड. झाडाला लागून लोखंडी खांब, खांबावर हिरवी पत्र्याची पेटी आणि पेटीत फोन. आजूबाजूच्या टेकड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना हा नंबर तोंडपाठ. फोन वाजला की रांगेत जो पहिला असेल त्यानं उचलायचा आणि ते भाडं त्याचं. रांगेतला आपला नंबर दुसऱ्याला देऊन टाकता येतो, दुसऱ्याचा मागून घेता येत नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे स्टँडच्या गिऱ्हाइकाला स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. दिला, तर ती रांगेतल्या सगळ्यांच्या घरातली चोरी.

हे नियम जिल्वानच्या आधीपासूनचे. पण ते देवाच्या आज्ञांसारखे पाळले त्यानंच. म्हणून तर पोरांनी त्याला स्टँडचा अध्यक्ष केला. साठी उलटलेला, काटकुळा, शर्टाची घडी मोडू न देणारा माणूस. बायको फार लवकर गेली. मूल नाही. डावा कान अधू. आमच्याकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो; सारा जन्म खिडकीशी तोच कान, म्हणून गेला म्हणतो. मोबाइलवर बोलायचं तर स्पीकर लावून, साऱ्या मंडईला ऐकवत.

त्याचा उजवा कान मात्र चांगला. आणि इवोनीबाई बसायची ती उजवीकडं.

इवोनीबाई वरच्या चढावर राहायची. विधवा, कार्निव्हलचे झगे शिवणारी. पुढं डोळे अधू झाल्यावर नुसती बटणं लावणारी. अंगानं एवढीशी. सीट पार पुढं ओढल्याशिवाय तिला काचेतून रस्ता दिसायचा नाही. दर शनिवारी दुपारी, ऊन कलायला लागलं की तिचा फोन.

"गाडी हवी होती."

"कुठं जायचं?"

"पिना. लांबच्या रस्त्यानं."

जन्म तिचा तिकडचा, पिनाच्या पलीकडं समुद्रात खांब रोवून उभ्या केलेल्या फळ्यांच्या झोपड्यांत. भरती आली की पलंगाखाली पाणी खेळायचं, असं सांगायची. त्या झोपड्या आता नाहीत. तिथं फिरायचा रस्ता झालाय. तरी तिला तिथंच जायचं असायचं. आउरोरा रस्त्यानं नदीच्या कडेकडेनं जायचं, पूल ओलांडायचे आणि समुद्राशी गाडी लावायची. ती खाली उतरायची नाही. "गुडघे नाही म्हणतात," म्हणायची. "काच खाली कर. समुद्राला म्हणावं तू ये." चप्पल काढून पाय वर घ्यायची, शेंगा सोलायची, अर्ध्या त्याला द्यायची. मग परत.

एवढंच. याच्यापुढं काही असतं तर मला कळलं असतं. त्या मंडईत माझ्यापासून काही लपत नाही.

पण शनिवारी आमच्या अध्यक्षाची गंमत बघावी. तिचा फोन यायच्या वेळी आपण पहिले असलं पाहिजे, म्हणून दुपारी तो रांगेच्या तोंडाशी येऊन बसायचा आणि येणारं प्रत्येक भाडं मागच्याला देऊन टाकायचा. "तू जा. मला जरा पाठ दुखतेय." "तू जा रे, तुझं पोर आजारी होतं ना?" एराल्दो तर डोमिनोच्या सोंगट्या आपटत मोठ्यानं म्हणायचा, "शनिवारी अध्यक्षांची पाठ बरोबर दुपारीच कशी दुखते, डॉक्टरला दाखवा बुवा!"

"नियमात बसतं," जिल्वान म्हणायचा. "मी माझाच नंबर देतोय."

"देतोयस रे. दानशूर आहेस. झेफा, याला एक टॅपिओका दे, जास्त नारळ घालून. शक्ती लागेल पाय वर घेऊन समुद्र बघायला."

हा एराल्दो. जाडा, तोंडाळ, मनानं वाईट नाही. एका वर्षी त्यानं एका दाताच्या डॉक्टरच्या बायकोला हळूच आपला मोबाइल नंबर दिला. रोज तिची फेरी परस्पर मारायला लागला. कळल्यावर जिल्वाननं त्याला महिनाभर स्टँडच्या बाहेर काढला. एराल्दोनं हात जोडले, बायकोला पाठवलं, मला शब्द टाकायला लावला. जिल्वान म्हणाला, "झेफा, आज याला सोडलं तर उद्या ही पेटी भंगारात जाईल." एराल्दो महिनाभर बंदरावर उन्हात गिऱ्हाईक शोधत फिरला. परत आला तो हसतखेळत, पण जिल्वानशी बोलताना 'अध्यक्षमहाराज' म्हणायला लागला.

तो परत आला त्याच आठवड्यातली गोष्ट. मंगळवारी सकाळी फोन वाजला. एराल्दो पहिला, जिल्वान त्याच्या मागं. एराल्दोनं उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून वळला.

"इवोनीबाईची मुलगी बोलतेय. बाई न्हाणीत पडली होती, ती तिला घेऊन चाललीय पार दक्षिणेला, कुरितिबाला. विमानतळावर जायचंय." मग टोमणा नाही, काही नाही, साधंच म्हणाला, "माझा नंबर घे, जिल्वान. तू जा."

मी तव्यावरून हात काढला. म्हटलं, जाईल. कोण नाही जाणार?

जिल्वानची मान ताठ झाली. महिनाभर ज्याला उन्हात काढलं, त्याचं दान कसं घ्यायचं? "नंबर तुझा आहे," तो म्हणाला. "तू जा."

"अरे, विमानतळ म्हणतोय मी! कुरितिबा!"

"ऐकू आलं मला. जा."

एराल्दो गेला. जिल्वान फडकं घेऊन काच पुसत बसला. काच स्वच्छच होती.

एराल्दो परतला तेव्हा त्यानं निरोप आणला. "ती वाटेत तुझं विचारत होती. म्हणाली, परत आले की स्टँडवर फोन करीन, त्याला सांग. दुसरा नंबर कुठं आहे माझ्याकडं? आणि म्हणाली, सीट हलवू नको म्हणावं."

तेव्हापासून सीट 'अडकली'.

मी एकदा त्याला विचारलं, "अरे, इतकी वर्षं नेत होतास, एकदा तरी तुझा नंबर द्यायचा तिला!"

"ती स्टँडचं गिऱ्हाईक होती, झेफा."

मी तवा पुसला.

पुढं सगळं झपाट्यानं बदललं. मोबाइलवरच्या गाड्या आल्या. टेकडीवरच्या म्हाताऱ्यांना नातवंडं खिशातून गाडी बोलावून द्यायला लागली. हिरव्या पेटीतला फोन वाजायचा तो बँकेचं कर्ज हवंय का विचारायला. स्टँडवरची पोरंसुद्धा एका हातात डोमिनो आणि दुसऱ्या हातात तो मोबाइल घेऊन बसायची. शेवटी यंदा मे महिन्यात सगळे बसले आणि ठरवलं, फोन काढून टाकायचा, जूनअखेर. हात वर करा म्हटलं तर सगळ्यांचे वर. जिल्वानचे दोन्ही हात मांडीवर.

"अध्यक्ष, विरोध का?" एका पोरानं विचारलं. तो नवा, त्याला काय ठाऊक.

"कुणी फोन केला तर?"

"कोण करतंय?"

एराल्दो सोंगट्या गोळा करायला लागला, डाव अर्धा असताना.

तो सगळा जून जिल्वान खांबाला चिकटून होता. संत जुआंवच्या सणाचा महिना, गल्लीगल्लीत होळ्या, भाजलेल्या कणसांचा वास, अकॉर्डियनवाले. माणसं गाठोडी घेऊन गावी निघालेली. टॅक्सीवाल्यांचा हा हंगाम. आणि हा रांगेच्या तोंडाशी बसून भाडी वाटतोय. आता शनिवारच नाही, रोज. "तू जा. तू जा." एकदा मी चिडले. "अरे, ती नाही येत आता. मुलगी सोडत नसेल. म्हातारी झालीय. तिकडं थंडीत मोजे घालून बसली असेल खिडकीशी."

"असेल," तो म्हणाला. "पण फोन लावला आणि नुसताच वाजत राहिला, तर तिला वाटेल, आपलं गावच मेलं."

शेवटचा शनिवार आला. दुपारी स्टँडवर दोनच गाड्या. पहिली जिल्वानची. मागं एराल्दोची, तिचं एक चाक काढलेलं, पंक्चर. एराल्दोचे हात कोपरापर्यंत काळे.

एक बाई धावत आली, कडेवर पोर. पोराचं अंग तापानं फणफणलेलं, मान टाकलेली. "दवाखाना, दवाखाना!"

जिल्वाननं मागं पाहिलं. एराल्दोचं चाक जमिनीवर. रस्त्याकडं पाहिलं. सणाची गर्दी, एकही रिकामी टॅक्सी नाही. मग खांबाकडं पाहिलं. ते बघणं मी विसरणार नाही.

"बसा," तो म्हणाला. त्यानं मागचं दार उघडलं, गाडीवरचा हिरवा दिवा विझवला, आणि गेला.

त्यानं वळण घेतलं असेल नसेल, फोन वाजला.

"बँक असेल," एराल्दो म्हणाला. तरी उठला. काळ्या हातानंच रिसीव्हर उचलला.

"काझा अमारेला स्टँड. ... कोण? ... जिल्वान? नाही हो, तो गेला. ... अहो, मेला नाही! रडू नका! भाडं घेऊन गेलाय, भाडं! ठणठणीत आहे. ... कोण बोलतंय?" आणि मग त्याचा आवाजच बदलला. "इवोनीबाई?"

माझ्या तव्यावरचा टॅपिओका करपला.

"मी एराल्दो, बाई. जाड्या. हो, तोच, विमानतळवाला. ... गाडी? पाठवतो की! कुठं पाठवू? ... कुठून बोलताय? ... कुरितिबाहून?" त्यानं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. "मग बाई, गाडी पोचायला जरा वेळ लागेल."

पलीकडून हसू ऐकू आलं. नंतर बराच वेळ तीच बोलत होती. एराल्दो नुसता मान हलवत होता, फोनमध्ये मान दिसते असं समजून.

"म्हणते, मुलगी आणि जावई बाहेर गेलेत," तो मला हळूच म्हणाला. "म्हणते, यायचं आता होणार नाही. म्हणते, शनिवार आहे म्हणून हात आपोआप फोनकडं गेला." मग रिसीव्हर कानाला लावून तो एकदम ताठ उभा राहिला. "बाई, पेन्सिल घ्या. पुढच्या आठवड्यात हा फोन काढणार आहेत. मी सांगतो तो नंबर लिहा. ... नाही, स्टँडचा नाही. जिल्वानचा स्वतःचा."

आकडा आकडा करून त्यानं नंबर सांगितला, दोनदा. फोन ठेवला. रिसीव्हरवर त्याची काळी बोटं उमटली होती.

"झेफा, तू काही ऐकलं नाहीस."

"मी कशाला ऐकू? माझा टॅपिओका जळतोय."

जिल्वान परतला तेव्हा एराल्दो चाक बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "अध्यक्षमहाराज, मला परत महिनाभर बाहेर काढा."

"का? आता काय केलंस?"

"स्टँडच्या गिऱ्हाइकाला मोबाइल नंबर दिला. माझा नाही, तुझा."

"माझा? कुणाला?"

एराल्दो नट आवळत राहिला. मी तोंड उघडणार तोच जिल्वानच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. त्यानं काढला. अनोळखी नंबर. बोट हिरव्यावर ठेवलं, आवाज नेहमीसारखा मोठा. आणि सवयीनं, खांबापाशी उभं राहून बोलतात तसं म्हणाला, "काझा अमारेला स्टँड."

पलीकडून बाईचा आवाज आला.

"गाडी हवी होती."

मी त्याच्याकडं पाहिलं नाही. एराल्दोनंही नाही. काही वेळा माणसाकडं बघू नये.

"कुठं जायचं?" जिल्वाननं विचारलं.

"पिना. लांबच्या रस्त्यानं."

त्यानं पुढचं दार उघडलं. मोबाइल सीटवर ठेवला, जपून, घसरू नये म्हणून खाली फडकं घालून. दार लावलं. फिरून आपल्या जागी बसला. हिरवा दिवा विझवला, म्हणजे गाडीत प्रवासी आहे. निघताना खिडकीतून तिचा आवाज आला, "अरे, आधी शेंगावाल्याकडं थांब!" आणि तो म्हणाला, "बाई, तो गेला हो, आता त्याचा जावई बसतो तिथं."

सोमवारी फोन काढून नेला. पेटी रिकामी आहे, त्यात मी फडकी ठेवते. एराल्दोला कुणी बाहेर काढलं नाही. जिल्वाननं अध्यक्षपद सोडलं. म्हणाला, नियम मोडला गेला आणि मला राग आला नाही, मग मी कसला अध्यक्ष?

शनिवारी दुपारी त्याची पाठ अजून दुखते. गाडीवरचा दिवा विझलेला, पुढची सीट रिकामी, आणि तो रस्ताभर बोलत असतो. पुलाला रंग दिलाय, नदीला पाणी चढलंय, अमुक दुकान बंद झालं. समुद्राशी पोचला की काच खाली करून मोबाइल बाहेर धरतो.

"तिला काय ऐकू येत असेल रे त्यात?" मी विचारलं.

"नुसती खरखर येते म्हणे," जिल्वान म्हणाला. "मी म्हटलं, बंद करू का? तर म्हणाली, येऊ दे."